जुन्या गाडीचं वायरिंग: किट घ्यायचं की हाताने करायचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही जुन्या गाड्या नव्याने उभ्या करणाऱ्या हौशी लोकांवर पानभर लेख दिलात, अमेरिकेतल्या हॉट रॉडपासून आपल्याकडच्या जीपपर्यंत सगळं त्यात आलं, आमच्या घरी तो लेख दोनदा वाचला गेला आणि फ्रिजवर अजून चिकटवलेला आहे. पण वायरिंगबद्दल त्यात एवढंच होतं की हल्ली फ्यूज बॉक्स आणि वायरी आधीच जोडलेलं रेडिमेड किट मिळतं, ते आणायचं, दोन दिवसांत बसवायचं, काळजी मिटली. हे वाचल्यावर मला राहवलं नाही म्हणून लिहायला बसलो. पत्र मोठं होणार आहे, कापलंत तरी चालेल, फक्त फ्यूजबद्दल लिहिलंय तेवढं कापू नका.

मी कळव्याला राहतो. वागळे इस्टेटमध्ये सत्तावीस वर्षं कंट्रोल पॅनल वायरिंगचं काम केलं, त्यामुळे वायर, थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायचं टर्मिनल), रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्वीच), नंबरिंग हे रोजचं. घरात दोन जुन्या गाड्या आहेत, सासऱ्यांची डिझेल जीप एमएम ५४० आणि माझी १९८९ची पद्मिनी. जीपला मी बाहेरून मागवलेलं किट लावलं आणि पद्मिनीचं वायरिंग आता पहिल्या वायरपासून हाताने करतोय, म्हणजे दोन्ही रस्ते मी स्वतः चाललोय, नुसतं ऐकून लिहीत नाहीये.

जीपचं आधी सांगतो कारण सगळं तिथूनच सुरू झालं. चार पावसाळ्यांपूर्वी आम्ही वसईहून परत येत होतो, मी, बायको, सासरे आणि मेहुणीची आठ वर्षांची पोरगी. घोडबंदर रोडला गायमुखचा घाट उतरलो, रात्रीचे साडेनऊ झाले असतील, पाऊस धो धो, आणि डॅशबोर्डखालून आधी जळक्या प्लॅस्टिकचा वास आला आणि मग धूर. मी चावी बंद केली, इंजिन बंद झालं पण धूर काही थांबेना. म्हणजे जी वायर जळत होती ती चावीच्या आधीच कुठेतरी थेट बॅटरीला जोडलेली होती. बायको पोरीला घेऊन पावसात उतरली, सासऱ्यांनी सीटखालून पक्कड काढली आणि मी बॉनेट उघडून बॅटरीचं टर्मिनल हिसकून ओढलं, तेव्हा कुठे ते थांबलं. पेट घेतला नाही हे नशीब. पोरगी नंतर वर्षभर जीपमध्ये बसायला तयार नव्हती.

दुसऱ्या दिवशी डॅशबोर्ड खोलल्यावर कळलं. आदल्या वर्षी हायवेवरच्या एका इलेक्ट्रिकवाल्याने शंभर-शंभर वॅटचे दोन फॉग लॅम्प लावून दिले होते, रिले नाही, फ्यूज नाही, घरात ट्यूबलाइटला वापरतात तसली बारीक वायर बॅटरीपासून थेट डॅशच्या स्वीचला, आणि केबिनच्या पत्र्याला भोक पाडून त्यातून ती तशीच ओढलेली, भोकाला रबरी ग्रोमेटसुद्धा नाही. पत्र्याच्या धारेने वर्षभर घासून घासून वायर सोलली गेली आणि त्या रात्री पत्र्याला टेकली. बॅटरी काय, तिला पत्र्याला टेकलेल्या वायरमधून शंभर-दोनशे अँपिअर सोडायला काहीच वाटत नाही. ती एक वायर तापून शेजारच्या सगळ्या वायरींना घेऊन वितळली, अख्खा लूम, म्हणजे एकत्र बांधलेला वायरींचा जुडगा, एका गोळ्यासारखा झाला होता. त्या माणसाचं नाव मी लिहिणार नाही. तो काही वाईट माणूस नव्हता, हे काम त्याला कुणी नीट शिकवलंच नव्हतं, आणि स्वीच दाबल्यावर लॅम्प लागले म्हणजे काम झालं असं त्याला आणि आम्हालाही वाटलं.

म्हणून जीपचं वायरिंग मुळापासून बदलायचं ठरलं आणि किटचा शोध सुरू झाला.

आता हे किट मुळात कशासाठी जन्माला आलं ते सांगायला हवं, तुमच्या लेखात ते राहून गेलंय. हॉट रॉड म्हणजे अमेरिकेत, मुख्यतः कॅलिफोर्नियात, १९३० च्या दशकापासून आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तर जोरात, पोरांनी स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या फोर्ड घ्यायच्या, मडगार्ड काढायचे, बॉडी हलकी करायची, इंजिन तगडं करायचं आणि सुकलेल्या तळ्यांच्या सपाट मैदानावर पळवायच्या. १९३२ ची फोर्ड यात सगळ्यात लाडकी कारण त्याच वर्षी फोर्डने सामान्य माणसाला परवडेल असं व्ही-८ इंजिन दिलं. त्या मूळ गाडीत विजेचं काम होतंच किती? दिवे, इग्निशन, सेल्फ, हॉर्न आणि चार्जिंग, बस. आणि तेही ६ व्होल्टचं, वर बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला, आपल्या आजच्या गाडीच्या बरोबर उलट. फोर्ड गाड्या १२ व्होल्ट आणि निगेटिव्ह अर्थवर, म्हणजे बॅटरीचा मायनस बॉडीला, अशा आल्या त्या १९५६ च्या मॉडेलपासून. आता अशा गाडीत कुणी नवं इंजिन टाकलं, अल्टरनेटर, इलेक्ट्रिक फॅन, एसी, म्युझिक सिस्टिम टाकली तर जुन्या वायरिंगमधलं वाचवण्यासारखं काहीच उरत नाही. बॉडी एका गाडीची, इंजिन दुसरीचं, स्टिअरिंग तिसरीचं. तिथे मूळ वायरिंग सेट मिळून उपयोगच नाही, कारण मूळ अशी गाडीच नाहीये. म्हणून मग फ्यूज बॉक्स, फ्लॅशर, रिले आधीच जोडलेले, त्यातून रंगीत लांब वायरी बाहेर काढलेल्या आणि प्रत्येक वायरवर थोड्या थोड्या अंतराने तिचं काम छापलेलं, अशी किटं आली. बारा सर्किटचं (म्हणजे दिवे, हॉर्न अशा बारा वेगवेगळ्या कामांच्या जोडण्यांचं), अठरा सर्किटचं, वीसच्या वरचंही. फ्यूज बॉक्स डॅशखाली बसवायचा, वायरी पुढे मागे न्यायच्या, हव्या तेवढ्या कापून टोकाला टर्मिनल लावायचं. त्यांच्यासाठी हे फार चांगलं आहे आणि मी ते मनापासून म्हणतोय. वायरचं इन्शुलेशन क्रॉसलिंक केलेल्या पॉलिथिलीनचं, १२५ डिग्री सोसणारं, आणि आपल्याकडे गाडीत सर्रास जी घरगुती पीव्हीसी वायर घुसवतात ती ७० डिग्रीची. इंजिनच्या शेजारी हा फरक छोटा नाही.

तर मी बारा सर्किटचं किट मागवलं. किट, शिपिंग, कस्टम सगळं धरून खर्च इथल्या सामानाच्या चौपट गेला पण ती घोडबंदरची रात्र डोक्यात होती, पैशाचा विचार केला नाही.

खोका उघडून वायरी हॉलमध्ये पसरल्या तेव्हा मी खूश होतो, वायर हातात घेतली की कळतं माल कसा आहे ते. मग बसवायला घेतलं आणि एकेक गोष्ट समोर यायला लागली. पहिली म्हणजे अमेरिकन गाडीत ड्रायव्हर डावीकडे, किटच्या वायरी त्या हिशोबाने निघालेल्या. इग्निशन स्वीच, लाइट स्वीच, डिपर सगळं आपल्याकडे उजव्या बाजूला. फ्यूज बॉक्स उजवीकडे लावला तर इंजिनकडे जाणाऱ्या वायरी आखूड पडतात आणि डावीकडे लावला तर स्वीचच्या आखूड पडतात, शेवटी सात-आठ वायरींना जोड द्यावा लागला आणि ज्यासाठी किट घेतलं, म्हणजे सलग वायर, तेच गेलं. दुसरी गोष्ट मागच्या दिव्यांची. जुन्या अमेरिकन गाड्यांत मागचा ब्रेकलाइट आणि इंडिकेटर हा एकच लाल दिवा असतो, त्यामुळे किटमध्ये ब्रेकची वायर आधी स्टिअरिंगवरच्या इंडिकेटर स्वीचमध्ये जाते आणि तिथून मागे. आपल्याकडे इंडिकेटर पिवळा आणि वेगळा, ब्रेक वेगळा. हे लक्षात न घेता जोडलं तर ब्रेक मारल्यावर पिवळे दिवे लागतात, मागच्याला काय कळायचं? मला ते कागदावर काढल्यावर कळलं, ब्रेकसाठी वेगळी वायर टाकून सोडवलं, पण किटच्या पुस्तकात ते नव्हतं कारण त्यांच्या देशात तो प्रश्नच नाही.

आणि तिसरी, सगळ्यात मोठी. आमची जीप डिझेल. डिझेलला स्पार्क प्लगचं इग्निशन नसतं, थंडीत स्टार्ट करायला हीटर प्लग असतात, चार प्लग मिळून चाळीस अँपिअरच्या आसपास खेचतात, मी मीटर लावून बघितलंय. बारा सर्किटच्या त्या किटमध्ये यासाठी सर्किटच नव्हतं. इग्निशन कॉइलसाठी एक छान गुलाबी वायर होती जी मला लागतच नव्हती, आणि जे लागत होतं ते नव्हतं. मग हीटरसाठी जाड वायर, वेगळा हेवी रिले, वेगळा फ्यूज, हे सगळं मी हातानेच केलं. दोन दिवस म्हणतात ना, मला पाच रविवार लागले.

जीप आज उत्तम चालतेय, त्याबद्दल तक्रार नाही. पण काम संपल्यावर हिशोब केला तर जवळजवळ निम्मं मी हातानेच केलं होतं आणि उरलेलं निम्मं मला दुसऱ्याच्या डोक्याने करावं लागलं होतं. पद्मिनीच्या वेळी म्हटलं, आता पूर्ण आपल्या डोक्याने.

इथे मला आमच्या उस्तादांबद्दल सांगायचंय. तुर्भ्याला ट्रकच्या लाइनमध्ये त्यांचं छोटं दुकान होतं, आता वय झालंय, दुकान भाच्याकडे आहे पण दुपारी येऊन बसतात. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा मला वाटलं पहिला प्रश्न विचारतील कोणती गाडी, किती सर्किट. त्यांनी विचारलं, गाडी रात्री झोपते कुठे? म्हणजे पार्किंग कुठे. मी म्हटलं सोसायटीत, उघड्यावर, शेजारी नाला. म्हणाले मग उंदराचं आधी बघा. आणि खरंच आहे ते, ठाण्यात पावसाळ्यात नाल्याकाठी गाडी लावणाऱ्या कुणालाही विचारा, उंदराने वायर कुरतडली नाही अशी एक गाडी दाखवा. त्यांनी मला लूम खाली चेसिसच्या बाजूने न नेता वरून, आतल्या अंगाने न्यायला लावला, जिथे उंदराला बसायला जागा नाही अशा बाजूने, आणि जिथे खालून नेणं भागच होतं तिथे वायरी जाड नळीत घालून तोंडं बंद करायला लावली.

मग त्यांनी पाट दाखवला. साधा प्लायवूडचा मोठा तुकडा, त्यावर पेन्सिलीने गाडीचा आकार, हेडलाइट इथे, डॅश इथे, टेललाइट इथे, आणि प्रत्येक वळणावर आणि फाट्यावर खिळे ठोकलेले. वायर एकेक करून खिळ्यांमधून न्यायची, लांबी गाडीवर सुतळी धरून मोजलेली, वर अर्धा फूट जास्त, सगळ्या वायरी पडल्या की मग बुडापासून टोकाकडे टेप गुंडाळत जायचं. मागावर ताणा लावतात ना, बघायला अगदी तसं. तयार लूम पाटावरून उचलला की त्याला गाडीचाच आकार आलेला असतो, गाडीत नुसता ठेवायचा. मी पॅनलची कामं इतकी वर्षं केली पण हे इतकं देखणं काम मी फार कमी बघितलंय. कारखान्यातही लूम अशाच बोर्डवर बनतात. हे कौशल्य तुर्भे-कळंबोलीच्या दुकानांमध्ये आजही आहे, ते जपणाऱ्यांवर तुम्ही कधी एक लेख करा अशी माझी विनंती आहे.

वायरच्या जाडीचं गणित मात्र उस्ताद सवयीने करायचे आणि मी कागदावर करतो. हेडलाइटचंच घ्या. साठ वॅटचे दोन बल्ब म्हणजे १२० वॅट, भागिले १२, दहा अँपिअर. जुन्या गाड्यांत हा सगळा करंट बॅटरीपासून स्वीच, स्वीचपासून डिपर, डिपरपासून दिवा असा फिरून जातो, सहज पाच मीटर वायर होते. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असेल तर मीटरला साधारण १७ मिलिओहम, पाच मीटरला ८५, आणि दहा अँपिअरला गुणलं की पाऊण व्होल्टच्या वर वायरीतच गेलं, स्वीचचे जुने कॉन्टॅक्ट अजून थोडं खातात, म्हणजे बल्बला बारातले अकराच मिळतात. एक व्होल्टने काय होतं असं वाटेल, पण बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने पडतो, अकरा व्होल्टला उजेड जवळजवळ पाव भागाने कमी. लोक म्हणतात पद्मिनीला दिवेच नाहीत, मेणबत्ती लावल्यासारखं दिसतं, आणि मग शंभर-नव्वद वॅटचे बल्ब लावतात. त्याने करंट दहाचा सतरा होतो आणि वायर तापणं करंटच्या वर्गाने वाढतं म्हणजे जवळजवळ तिप्पट, आणि तो सगळा ताप त्याच बारीक वायरीत आणि त्याच तीस-पस्तीस वर्षांच्या स्वीचमध्ये. समोरून येणाऱ्याचे डोळे जातात ते वेगळंच.

यावरचा उपाय रिलेचा आहे. रिले पुढे ग्रिलजवळ, बॅटरीपासून अडीच चौरस मिलिमीटरची वायर दीड मीटर, मध्ये फ्यूज, रिलेच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरी, ८७ वरून दिवा, ८५-८६ मध्ये जुन्या स्वीचची वायर, जिच्यातून आता अर्धा अँपिअरसुद्धा जात नाही. हाय बीमला एक, लो बीमला एक असे दोन रिले. पद्मिनीला मी हे केलं, बल्ब मूळच्याच वॅटचे ठेवले, आणि रात्री तलावपाळीला चक्कर मारून आलो तेव्हा बायको म्हणाली बल्ब बदललेस का. किटमध्ये हे सगळ्या ठिकाणी येतंच असं नाही, अनेक किटांमध्ये हेडलाइटचा करंट अजूनही स्वीचमधूनच जातो, तेव्हा किट घेतलंत तरी रिलेचा प्रश्न तुमचा तुम्हाला सोडवायचाच आहे.

आता फ्यूज. फ्यूज म्युझिक सिस्टिम वाचवायला नसतो की बल्ब वाचवायला नसतो, फ्यूज वायर वाचवायला असतो. वायर जेवढं सोसते त्याच्या आत फ्यूज उडाला पाहिजे, एवढंच. पात्याच्या फ्यूजचे रंग सगळीकडे सारखे असतात, लाल दहा अँपिअरचा, निळा पंधरा, पिवळा वीस, हिरवा तीस. लाल उडाला म्हणून हिरवा घातला तर फ्यूज उडायचा थांबतो आणि वायर जळायला लागते, कारण आता साखळीतली सगळ्यात कच्ची कडी वायर झाली. मी स्वतः लोकांच्या गाड्यांमध्ये फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटाची चांदी बघितलीय, वायरचे दोन पदर पिळून घातलेले बघितलेत. जुन्या पद्मिनीतले चिनी मातीचे फ्यूज तर टोकाला ढिले होऊन तापतात, त्यामुळे फ्यूज शाबूत पण बुडाखालचं प्लॅस्टिक वितळलेलं अशीही केस मी बघितलीय. माझं सगळ्यांना हात जोडून सांगणं आहे की फ्यूज परत परत उडत असेल तर तो तुम्हाला काहीतरी सांगतोय, त्याचं ऐका, मोठा घालून त्याचं तोंड बंद करू नका. आणि बॅटरीपासून निघणारी प्रत्येक वायर, सेल्फची जाड केबल सोडून, बॅटरीपासून वीतभराच्या आत फ्यूजमधून गेली पाहिजे. आमच्या जीपला त्या रात्री पाच रुपयांचा एक फ्यूज असता तर तो उडाला असता, लॅम्प बंद पडले असते, आणि पोरगी भिजली नसती.

टर्मिनलबद्दल आमच्यात कायम वाद असतो, सोल्डर करावं की दाबावं. माझं मत स्पष्ट आहे, गाडीत दाबायचं, पण नीट रॅचेटवाल्या टूलने, पकडीने चेपून नाही. सोल्डर वायरीत वर चढतं आणि जिथे संपतं तिथे वायर कडक होते, गाडीच्या थरथरीने ती बरोबर तिथेच तुटते. पॅनल भिंतीला उभं असतं, जीप खड्ड्यातून जाते, दोन्हीला एक नियम लागू नाही. आणि थिंबल कल्हईचेच घ्या. पितळेच्या भांड्याला कल्हई नसली की ताक कळकतं हे आपल्याला आजीपासून माहितीये, खाडीकाठच्या दमट हवेत उघड्या तांब्याचं तेच होतं, दोन पावसाळ्यांत हिरवं पडतं आणि मग इंडिकेटर लावला की टेललाइट लुकलुकतो. शंभरातल्या कितीतरी तक्रारी अशा अर्थिंगच्या असतात, वायर उत्तम आणि बॉडीला जोडलेलं टोक रंगावरच बसवलेलं. रंग खरवडून स्वच्छ पत्र्याला जोडायचं, वर ग्रीस लावायचं, आणि इंजिन ते बॉडी जाड पट्टी विसरायची नाही, नाहीतर सेल्फचा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून रस्ता शोधतो.

एक तिसरा पर्यायही आहे जो तुमच्या लेखात आला नाही, आपल्याकडे पार्टच्या दुकानात मिळणारा त्या त्या मॉडेलचा तयार वायरिंग सेट. किटपेक्षा हा आपल्या गाडीला जास्त जवळचा, लांबी बरोबर, कपलर बरोबर, किंमत आवाक्यात. पण माल बघून घ्या. एक पदर ब्लेडने खरवडा, आतून पांढरा निघाला तर ते तांबं नव्हे, तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, तो सेट दुकानदाराला परत द्या. मला पद्मिनीसाठी दाखवलेल्या तीनपैकी दोन सेट तसेच निघाले, म्हणून तर हाताने करायचं नक्की झालं. वायर, रिले, फ्यूज बॉक्स, थिंबल, नळ्या सगळं मिळून साडेआठ हजार लागले आणि आतापर्यंत अकरा रविवार गेले.

कायद्याचं थोडक्यात लिहितो कारण पोरं हॉट रॉडचे व्हिडिओ बघून कापाकापी करायला निघतात. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध गाडी बदलता येणार नाही, इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेजची वेगळी नोंदणी आहे पण तिथेही चेसिस, बॉडी, इंजिन मूळचंच हवं. म्हणजे खरी हॉट रॉड इथल्या रस्त्यावर येणं अवघड. पण मूळ दिवे, मूळ इंजिन तसंच ठेवून सडलेल्या वायरच्या जागी चांगली वायर टाकणं ही दुरुस्ती आहे, आणि १५ वर्षांनंतर पुन्हा पासिंगला ठाणे आरटीओच्या (एमएच ०४) रांगेत उभं राहायचंच असतं, तेव्हा ती करून घ्या.

तर किट की हाताने? माझं मत असं झालंय. गाडीत मूळ असं काही उरलंच नसेल, इंजिन एकाचं, बॉडी दुसऱ्याची, किंवा तुम्हाला सर्किट कागदावर काढता येत नसेल, तर किट घ्या, आणि एकदा लावल्यावर त्यात नंतर कुणालाही एक वायर टोचू देऊ नका, लागली तर रिकाम्या सर्किटवरूनच घ्या. पण पद्मिनी, अँबॅसिडर, जीप अशी आपली मूळ गाडी असेल आणि तुम्हाला, नाहीतर तुमच्या मिस्त्रीला, सर्किट काढता येत असेल तर हाताने करा, मूळच्याच रंगांच्या वायरी वापरून. अँबॅसिडरसारख्या ब्रिटिश घराण्यातल्या गाडीत तपकिरी म्हणजे थेट बॅटरी, पांढरी म्हणजे इग्निशन, काळी म्हणजे अर्थ, हे साठ वर्षांपूर्वीच्या मिस्त्रीलाही कळायचं आणि आजच्यालाही कळतं. आणि सगळ्यात वाईट रस्ता तो, जो आपल्याकडे सगळ्यात जास्त वापरला जातो, नकाशा न काढता, हाताला लागेल त्या रंगाची वायर घेऊन, जिथे करंट सापडेल तिथून टोचत जायचं. त्याला हाताने केलेलं वायरिंग म्हणू नका, त्याने उस्तादांसारख्या लोकांची बदनामी होते. मी पद्मिनीच्या लूममध्ये एकूण ६३ वायरी टाकल्यात, प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना नंबर आहे, पॅनलमध्ये घालतो तसलीच नंबरची नळी, आणि कुठली कुठून कुठे, किती जाड, कुठल्या फ्यूजवर, हे सगळं एका कागदावर काढून लॅमिनेट करून डॅशच्या खणात ठेवलंय. उद्या गाडी रात्री कसाऱ्याला बंद पडली आणि तिथला मिस्त्री मला ओळखत नसला तरी तो कागद वाचू शकेल.

तुमच्या पुरवणीत पुढच्या वेळी कुणाची जुनी गाडी छापाल तेव्हा रंग, टायर, इंजिन यांच्याबरोबर तिच्या वायरिंगचा नकाशा आहे का एवढं त्या मालकाला जरूर विचारा आणि तेही छापा. आणि गाडीला आग लागल्याची बातमी देताना नुसतं शॉर्टसर्किट लिहून थांबू नका, जमेल तिथे विचारा की वायर कुणी टाकली होती, फ्यूज होता का, नंतर काय काय टोचलं होतं. वाचणाऱ्याला दुसऱ्या दिवशी स्वतःचं बॉनेट उघडून बघता येईल असं काहीतरी त्यात असू दे.

एमएम ५४० आणि पद्मिनी दोन्हीच्या नकाशांची झेरॉक्स या पत्राबरोबर जोडली आहे. तुमच्याकडे कुणी वाचक मागायला आला तर बिनदिक्कत द्या. पद्मिनीचा मागचा लूम अजून पाटावरच आहे, डिकीच्या बिजागरीपाशी वायर दुमडते तिथे काय करायचं ते ठरत नाहीये, उस्ताद म्हणतात तिथे सैल वेढा ठेवा, या रविवारी पाऊस नसला तर तसं करून बघणार आहे.

आपला नियमित वाचक,
कळवा, जि. ठाणे